अंशाखालचा छेद शोधणारी डॉक्टर

पीजीच्या कौन्सेलिंगचे दिवस आले की मेडिकलच्या हॉस्टेलवर एकच विषय असतो. कुणाची रँक किती आली आणि कुणाला कुठली ब्रँच मिळतेय. रेडिओलॉजी, डर्मा, मेडिसिन पहिल्या झटक्यात उडतात. मग पेडिअॅट्रिक्स, गायनॅक, ऑर्थो. आणि यादीत पार खाली, कुणी घेतं का ते बघू अशा थाटात उभी असलेली ब्रँच म्हणजे पीएसएम. प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन. आता तिला कम्युनिटी मेडिसिन म्हणतात, पण नाव बदलल्यानं भाव फारसा वाढलेला नाही. ती घेणाऱ्याला घरचेच विचारतात, म्हणजे तू पेशंट तपासणार की नाही?

आता थोडं मागे जाऊ. साल 1969. अमेरिकेत एक भारतीय डॉक्टर जोडपं आहे. ती मेडिसिनवाली, तो सर्जन. दोघांची रेसिडेन्सी झालेली. अमेरिकेनं 1965 मध्ये इमिग्रेशनचा कायदा सैल केलेला, तिथल्या हॉस्पिटलांना डॉक्टर हवेच आहेत, आणि भारतातून गेलेले कितीतरी डॉक्टर तिथेच स्थिरावतायत. या दोघांसमोरही तो रस्ता मोकळा होता. त्यांनी काय केलं, तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जाऊन आणखी एक पदवी घ्यायचं ठरवलं. एमपीएच. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ. ज्या पदवीवर ना सर्जरी करता येते, ना दारावरच्या पाटीची फी वाढते. आणि ती पदवी घेऊन ते 1970 मध्ये थेट जामखेडला आले.

जामखेड म्हणजे अहमदनगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं, बीडला टेकलेलं टोक. पुस्तकात या तालुक्याचं नाव दोनदा येतं. एकदा अहिल्याबाई होळकरांच्या चौंडी या जन्मगावामुळे आणि एकदा 1795 च्या खर्ड्याच्या लढाईमुळे. एरवी पाऊस कमी, ज्वारीचं पीक बेभरवशाचं आणि साखर कारखान्यांचा पट्टा पेटला की गावंच्या गावं ऊसतोडीला रिकामी. रेल्वे नाही. तिथे अमेरिकेतून कुणी येतं का? तर आले.

त्या डॉक्टरीणबाईंचं नाव मेबल आरोळे. आपल्याकडे त्यांचं नाव बहुतेक वेळा ‘आरोळे दांपत्य’ असं जोडीनंच घेतलं जातं, आणि जोडीत रजनीकांत आधी. त्यात चूक काहीच नाही, दोघांनी मिळूनच सगळं उभं केलं. पण आज मेबल यांच्याबद्दल वेगळं लिहायचंय. कारण जामखेडमध्ये जे सगळ्यात अवघड होतं, म्हणजे शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्य शिकवणं, त्यात त्यांचा हात मोठा होता.

मेबल यांचा जन्म 26 डिसेंबर 1935 चा, जबलपूरचा. माहेरचं आडनाव इमॅन्युएल. घर मूळ दक्षिणेकडचं. वडील जबलपूरच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात प्राध्यापक होते आणि शिकवायचे काय, तर बायबलच्या नव्या कराराची ग्रीक भाषा. म्हणजे पोरगी वाढली ती पुस्तकांच्या घरात आणि हिंदी बोलणाऱ्या शहरात. मराठीचा संबंध शून्य. डॉक्टर व्हायला ती गेली तमिळनाडूत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात.

हे कॉलेज काढलं आयडा स्कडर या डॉक्टर बाईंनी. 1918 साली तिथे मेडिकल स्कूल सुरू झालं ते फक्त मुलींसाठी. मुलांना प्रवेश मिळायला 1947 उजाडलं. गंमत बघा, पन्नासच्या दशकात इतर कॉलेजांत मुली मोजक्या असायच्या, आणि वेल्लोरला मुलगे नवे होते. त्यामुळे मुलगी डॉक्टर होऊ शकते का, हा प्रश्न मेबलला कुणी विचारलाच नसणार. तिथे शिकवणाऱ्या, ऑपरेशन करणाऱ्या, विभाग चालवणाऱ्या बायका रोज दिसत होत्या. तिथेच तिला भेटला रजनीकांत आरोळे. नगर जिल्ह्यातल्या सुप्याचा जन्म, आई-वडील दोघंही शिक्षक. 1959 मध्ये दोघं डॉक्टर झाले, 1960 मध्ये लग्न झालं. लग्नातच त्यांनी ठरवून टाकलं होतं, खेड्यातल्या, कुणी न विचारणाऱ्या लोकांसाठी काम करायचं.

असे संकल्प चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी बरेच जण करतात. पहिल्या फ्लॅटच्या हप्त्यापर्यंत ते टिकतातही. इथे तो टिकला, पण ज्या रूपात केला होता त्या रूपात नाही. तीच खरी गोष्ट आहे.

वडाळ्यात काय झालं?

1962 मध्ये दोघं नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात रुजू झाले. खेडं हवं होतं, खेडं मिळालं. दोघंही हुशार, कष्टाळू. हॉस्पिटल चालायला लागलं, गर्दी वाढली. कुठल्याही हिशेबानं हे यश होतं.

पण येत कोण होतं? जुलाबानं डोळे खोल गेलेली पोरं. त्यांना सलाइन लावायचं, चार दिवसांत पोर हसायला लागायचं, आई पाया पडून घरी घेऊन जायची. घरी पाणी त्याच विहिरीचं. दोन महिन्यांत पोर परत. किंवा परत नाहीच. विळ्यानं नाळ कापल्यामुळे धनुर्वात झालेली पाच-सात दिवसांची बाळं. बाळ आडवं आलेल्या आणि दोन दिवस सुईणीच्या हाताखाली राहून मग बैलगाडीतून आणलेल्या बाया. गोवरानंतर वाळत चाललेली मुलं. टीबीचे पेशंट, जे बरं वाटलं की औषध सोडून द्यायचे.

दोघांच्या लक्षात आलं की आपल्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे आजार मुळात व्हायलाच नको होते. त्यासाठी फार मोठं शास्त्रही लागत नव्हतं. स्वच्छ पाणी, पुरेसं खाणं, लस, उकळलेलं ब्लेड. आपण इथे दिवसरात्र राबतोय आणि आजूबाजूच्या गावांतलं आजारपण जिथल्या तिथेच आहे. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. चांगली डॉक्टरकी करूनही गावाची तब्येत सुधारत नाही, हे कबूल करायला धाडस लागतं. कारण रोज समोर पेशंट बरा होताना दिसत असतो. शंका घ्यायला फुरसतच नसते.

1966 च्या सुमारास फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. तिथे मेबल यांनी मेडिसिनचं आणि रजनीकांत यांनी सर्जरीचं प्रशिक्षण घेतलं. हात अधिक तयार झाला, पण वडाळ्याचा प्रश्न सुटला नाही. जास्त चांगला सर्जन फार तर जास्त चांगली सर्जरी करेल. धनुर्वात गावात येऊच नये म्हणून काय करायचं, हे रेसिडेन्सीत कुणी शिकवत नाही. ते जिथे शिकवतात तिथे जायला हवं होतं.

एमपीएचमध्ये शिकवतात तरी काय?

हा प्रश्न आजही विचारला जातो, म्हणून जरा थांबू. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्यसेवांचं नियोजन, पोषण, पर्यावरण, थोडं समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र. विषयांची यादी वाचली तर कंटाळा येईल. पण गाभा एका वाक्यात सांगता येतो. शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. हॉस्पिटलातल्या डॉक्टरला फक्त अंश दिसतो, म्हणजे दारात आलेला पेशंट. छेद, म्हणजे ज्या सगळ्या लोकांमधून तो पेशंट आला ते लोक, दिसतच नाहीत. जे आलेच नाहीत, वाटेत गेले, ज्यांच्याकडे एसटीचे पैसे नव्हते, ज्या सुनेला सासूनं पाठवलं नाही, ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतात. जुलाबाची पन्नास पोरं बरी केली, हे ठीक. पण पन्नास कितीपैकी? गावात एकूण पोरं किती, आजारी किती पडली, मेली किती? हे माहीत नसेल तर तुम्ही यशस्वी आहात की नाही, हे तुम्हाला सांगताच येत नाही.

पब्लिक हेल्थ म्हणजे हा छेद शोधून काढायचा आणि त्याची जबाबदारी घ्यायची. दारात आलेल्याची तर घ्यायचीच, न आलेल्याचीही.

जॉन्स हॉपकिन्सची ही शाळा 1916 मध्ये स्थापन झालेली, या विषयातली जगातली जुनी आणि वजनदार. तिथे आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभा करणारे प्राध्यापक होते कार्ल टेलर. हा माणूस जन्मला मसुरीजवळच्या लंढौरमध्ये, मिशनरी डॉक्टरच्या घरी. लहानपण भारतातलं, आणि पंजाबातल्या नारंगवालमध्ये ते त्या काळात गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचा मोठा अभ्यास चालवत होते. म्हणजे ज्यांना भारतातलं खेडं सांगावं लागत नाही असे गुरुजी बाल्टिमोरमध्ये बसले होते. आरोळे दांपत्यानं त्या एका वर्षात आपल्या प्रकल्पाची आखणीच केली. माणसं किती, खर्च किती, काय मोजायचं, किती वर्षांत काय साधायचं. पदवीसाठी पदवी नव्हती ती. आधी प्रश्न होता, मग प्रवेश घेतला. आपल्याकडे बहुतेकदा आधी प्रवेश होतो आणि शेवटच्या सेमिस्टरला प्रश्न शोधायला निघतात, हा फरक नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

1970 मध्ये परत आल्यावर त्यांनी जागा शोधली ती अशी, जिथे गरिबी आहे, डॉक्टर नाहीत आणि मुख्य म्हणजे जिथल्या लोकांना हे काम हवंय. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं. दवाखान्यासाठी जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. तिथे काम सुरू झालं. कागदावर नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट, लोकांच्या तोंडी आरोळ्यांचा दवाखाना.

आणि लगेच पहिला धडा मिळाला. आरोग्य ही लोकांची गरजच नव्हती. म्हणजे होती, पण यादीत फार खाली. वर होतं पाणी आणि पोटाला अन्न. त्यातच दुष्काळ आला. बहात्तरचा दुष्काळ अजूनही आजी-आजोबांच्या बोलण्यात येतो. खडी फोडण्याची कामं, सुकडी, परदेशातून आलेला मिलो. विहिरी आटल्या, जनावरं छावणीत किंवा बाजारात गेली. अशा वेळी गावात जाऊन लसीकरणावर भाषण द्यायचं का? मेबल आणि रजनीकांत यांनी मुलांच्या जेवणाची सोय उभी केली, गावातल्या लोकांनीच शिजवायचं आणि सगळ्या जातींची पोरं एकत्र बसून जेवतील असं पाहायचं. आणि पाण्यासाठी बोअर घेऊन हापसे बसवायला सुरुवात केली.

या हाफशांची गोष्ट जामखेडमध्ये आवडीनं सांगितली जाते. बोअर कुठे घ्यायची, हे ठरवताना त्यांनी जमेल तिथे दलित वस्तीतली जागा निवडली. पाणी तर सगळ्यांनाच हवं. मग ज्या वस्तीत पाय ठेवायचा नाही असा पिढ्यांचा शिरस्ता होता, तिथे वरच्या आळीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. जातीवर एकही व्याख्यान झालं नाही. शुद्ध पाण्यामुळे जुलाब कमी झाले तो फायदा वेगळाच. एमपीएचच्या पुस्तकात हापसा पाण्याच्या प्रकरणात येतो. जामखेडमध्ये तो समाजशास्त्राच्या प्रकरणात गेला.

नर्सबाई गावात टिकेना

योजनेत एक जागा मात्र फसली. आराखड्यानुसार शिकलेल्या नर्सनं गावागावांत जाऊन गरोदर बायका तपासायच्या, मुलांची वजनं घ्यायची, कुटुंबनियोजन सांगायचं. चांगल्या ट्रेनिंगवाल्या मुली होत्या. पण गावात त्या परक्याच राहिल्या. त्यांची भाषा वेगळी, साडी नेसायची पद्धत वेगळी, मुक्कामाला सुरक्षित जागा नाही. त्यांनी सांगायचं आणि बायकांनी मान डोलवून आपलं तेच करायचं.

मग एका गावातून सूचना आली की बाहेरची बाई कशाला, आमच्यातलीच एखादी शिकवा. आज हे साधं वाटतं. तेव्हा दोन अमेरिकाशिक्षित डॉक्टरांना हे पचवायला वेळ लागला असेल तर नवल नाही. कारण गावांनी निवडून दिलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. बऱ्याच दलित, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. गावात ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं अशा. डॉक्टरी व्यवसायातल्यांना हा प्रकार भोंदूगिरीला रान मोकळं करून दिल्यासारखा वाटला.

या बायका ठरलेल्या दिवशी जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं. पहिल्यांदा शेजारच्या ताटातल्या बाईची जात आठवून घास अडकायचाच. मेबल यांच्या शिकवण्याची सुरुवात आजारानं होत नव्हती. पहिले काही दिवस नुसतं बोलायचं. तुझं नाव काय. नाव सांगायलाही लाजणाऱ्या बायका. त्या अमक्याची सून, तमक्याची आई असायच्या. स्वतःचं नाव मोठ्यानं घेणं, आरशात बघणं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणं, हा अभ्यासक्रमाचा पहिला भाग. मेबल यांची मातृभाषा मराठी नव्हती. त्यांनी ती शिकून घेतली होती आणि तीही या बायकांना कळेल अशी. पुस्तकातला शब्द न वापरता रोग समजावून सांगणं ही परीक्षा कुठल्याही विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड. करून बघा. धनुर्वात का होतो, हे ‘बॅक्टेरिया’ हा शब्द न वापरता सांगा.

शिवाय बायका कोऱ्या पाट्या नव्हत्या. त्यांच्याकडे उत्तरं आधीच होती. पोर वाळतंय म्हणजे दृष्ट लागली. गोवर म्हणजे देवी अंगात आलीय, औषध द्यायचं नाही. बाळंतिणीचा पहिला चीक खराब, तो काढून टाकायचा. गरोदरपणी कमी खायचं, म्हणजे बाळ लहान राहतं आणि सुटका सोपी होते. हे शेवटचं ऐकायला अडाणीपणाचं वाटेल, पण ज्या गावात अडलेल्या बाईला हॉस्पिटल मिळत नाही तिथे बाळ लहान राहावं असं वाटण्यामागे एक तर्क आहे. तो तर्क ओळखला तरच पुढचं बोलणं होतं. मेबल आधी ऐकून घ्यायच्या, हसायच्या नाहीत, आणि मग बायकांनाच मोजायला लावायच्या. कुणाची किती बाळं झाली, किती राहिली, जगलेलं बाळ जन्मताना कसं होतं. परत तोच अंश आणि छेद, फक्त बोटांवर.

हळूहळू त्या मुलांची वजनं घेऊ लागल्या, घरातल्या मीठ-साखरेचं पाणी करून जुलाबाचं पोर वाचवू लागल्या, हात धुऊन, निर्जंतुक केलेल्या ब्लेडनं नाळ कापून बाळंतपणं करू लागल्या. धोक्याचं बाळंतपण कुठलं आणि ते वेळेत जामखेडला कसं धाडायचं, हे त्यांना नेमकं कळायचं. कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखून त्या पेशंटला घराबाहेर न काढता औषधावर ठेवायच्या. टीबीवाल्याच्या घरी जाऊन गोळी घेतली का ते बघायच्या. पगार नव्हता. नाममात्र मानधन, आणि पुढे शेळ्या, छोटे धंदे यांसाठी मदत. गावात पुरुषांची शेतकरी मंडळं आणि बायकांची महिला विकास मंडळं उभी राहिली, कारण एकटी सेविका सासूच्या दारात किती वेळ उभी राहणार? तिच्यामागे दहा बायका हव्यात.

या बायकांपैकी एक मुक्ताबाई पोळ. 1988 मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्या बोलल्या. सभागृहात मोठी झुंबरं होती. मुक्ताबाईंनी डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली, सुंदर, महाग, पण हाती न लागणारं. आणि स्वतःला पणतीची, जी साधी असते, पण एकीवरून दुसरी लावता येते. सभागृह उभं राहिलं. हे भाषण खूपदा सांगितलं जातं आणि सांगावंच. पण त्यामागे आठवड्यांमागून आठवडे जमिनीवर बसून चाललेले तास होते, ते कुणी सांगत नाही. ते चटईवरचे तास मेबल यांचे.

आकडे काय म्हणतात?

छेद मोजणाऱ्यांची गोष्ट आहे, तेव्हा आकडे हवेतच. प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 पहिला वाढदिवस बघत नव्हती. पाच वर्षांत हा आकडा 52 वर आला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला पंचविशीच्या आसपास. या काळात सगळ्या देशातच बालमृत्यू घटत होते, हे खरं. पण इतक्या वेगानं नाही, आणि इतक्या कोरड्या, गरीब तालुक्यात तर नाहीच. पाच वर्षांत एवढी घसरण झाली ती कुठल्या नव्या यंत्रामुळे नाही. पाणी, खाणं, लस, ब्लेड, आणि ऐकून घेणारी शेजारीण.

जगाचं लक्ष गेलंच. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ‘हेल्थ बाय द पीपल’ नावाचं पुस्तक काढलं, त्यात जगभरातल्या निवडक प्रयोगांमध्ये जामखेडवर प्रकरण होतं. 1978 च्या सप्टेंबरात सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरात देशोदेशीचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला. त्यामागे ज्या थोड्या ठिकाणांचा अनुभव होता त्यात जामखेड आहे. 1979 मध्ये दोघांना सामुदायिक नेतृत्वासाठी रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इथे एक कडू गोष्टही सांगायला हवी. 2 ऑक्टोबर 1977 ला केंद्र सरकारनं गावोगाव आरोग्य स्वयंसेवक नेमायची योजना आणली. कल्पना जामखेडसारखीच वाटते ना? पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष. तीन महिन्यांचं ट्रेनिंग, हातात औषधांची पेटी आणि मग तुमचं तुम्ही. काही वर्षांत योजना कोमेजली. जामखेडमध्ये शिकवणं तीन महिन्यांत संपत नव्हतं, ते वर्षानुवर्षं चालू राहायचं. बाई अडली की पुढच्या मुक्कामाला प्रश्न घेऊन यायची आणि उत्तर घेऊन जायची. सरकारी कागदावर ही गोष्ट उतरवणं अवघड होतं, म्हणून ती उतरलीच नाही.

मेबल पुढे काही काळ युनिसेफमध्ये दक्षिण आशियासाठी सल्लागार होत्या. 1994 मध्ये दोघांनी मिळून ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं. या विषयात शिकणाऱ्यांनी ते वाचावंच. त्यात आपली फसलेली पावलं त्यांनी झाकलेली नाहीत, नर्सची गोष्टही मोकळेपणानं आहे. नव्वदच्या दशकातच जामखेडला सामुदायिक आरोग्य आणि विकासाचं प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. 1999 मध्ये मेबल गेल्या. चौसष्टावं वर्ष चालू होतं. रजनीकांत त्यानंतर बारा वर्षांनी, 2011 च्या मेमध्ये गेले.

मधल्या काळात, 2005 मध्ये, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आली. गावातलीच, गावानं निवडलेली बाई. आज तुमच्या-माझ्या गावात गुलाबी साडीतली जी आशाताई दिसते, तिच्या वंशावळीत जामखेडच्या त्या पहिल्या बायका आहेत. फरकही आहेत. आशाला आठवीपर्यंत, पुढे दहावीपर्यंत शिक्षणाची अट आली, आणि मोबदला कामाच्या नगावर. मानधनासाठी त्या रस्त्यावर उतरतात तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

आणि पदवीचं काय? डॉ. अभय आणि राणी बंग यांनीही 1984 मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केलं आणि ते गडचिरोलीत येऊन बसले. आता त्यासाठी बाल्टिमोरला जायची गरज नाही. कोलकात्याची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ तर 1932 पासून आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र, दिल्लीत जेएनयूमधलं सामाजिक वैद्यक केंद्र, मुंबईत टिस, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, असे पर्याय आहेत. बऱ्याच ठिकाणी एमबीबीएसचीच अट नसते. बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, सोशल वर्कवाल्यांनाही दार उघडं आहे. फक्त प्रॉस्पेक्टस बघताना एक चौकशी करा, वर्गाबाहेर गावात किती आठवडे पाठवतात?

जामखेडला आजही देशातून आणि परदेशातून या विषयातली मुलं शिकायला येतात. काही जण मोठ्या विद्यापीठांतून एमपीएच करता करता आलेली असतात. त्यांना शिकवायला ज्या बसतात त्यांत गावातल्या आरोग्यसेविका असतात, काही आता आज्या झालेल्या. त्या मराठीतच बोलतात. मध्ये कुणीतरी इंग्रजीत सांगणारं बसलेलं असतं, आणि मुलं वह्यांमध्ये उतरवून घेत असतात.